हँडल खाली गेलं, म्हणजे लॉक लागलं का?

गल्लीत ड्रेनेजचं काम सुरू आहे. जून उजाडलाय, ठेकेदाराला घाई झालीय, आणि नेमकी तेव्हाच ती छोटी बॉबकॅट थांबते. ऑपरेटर बकेट जमिनीला टेकवतो, इंजिन बंद करतो, खाली उतरतो आणि पहार घेऊन मशीनच्या तोंडापाशी काहीतरी खरवडत बसतो. पाच मिनिटं जातात, दहा जातात. मशीन तासाच्या भाड्याने आलेली. बाल्कनीतून बघणाऱ्या काकांचा शेरा ठरलेला: "बघा, मीटर चालू आणि यांचा टाइमपास चाललाय."

मीही एकेकाळी त्या काकांच्याच पक्षात होतो. मग एकदा जवळ जाऊन पाहिलं की तो नेमकं काय खरवडतोय, आणि पक्ष बदलला. पावसाळ्यात या मशीनचं तोंड साफ ठेवणं हे काम दिसतं झाडूपोछ्याचं, पण त्यावर हेल्परचा पाय आणि मालकाचा हायड्रॉलिक पंप दोन्ही अवलंबून असतात. गंमत म्हणजे या तोंडाशी अवजार जोडायच्या दोन वेगळ्या कड्या आहेत आणि चिखलाबाबत दोघींचे नियम अगदी उलटे आहेत. एकीत चिखल जाणारच, तो बाहेर कसा पडेल ते बघायचं. दुसरीत धुळीचा कणही जाता कामा नये. पुष्कळदा गोंधळ होतो तो दोघींना एकच औषध दिल्यामुळे.

## आधी मशीनची ओळख

रस्ता उकरणारं काहीही दिसलं की आपण जेसीबी म्हणतो आणि लांब सोंडेचं, साखळीवर चालणारं दिसलं की पोकलेन. दोन्ही खरं तर कंपन्यांची नावं. पहिली इंग्लंडची, दुसरी फ्रान्सची. बॉबकॅटचीही तीच गत. नाव एका अमेरिकन कंपनीचं, पण साईटवर कुठल्याही कंपनीची तशी बुटकी मशीन आली तरी ती बॉबकॅटच. तिचं तांत्रिक नाव स्किड स्टीअर लोडर. तिची चाकं मोटारीसारखी वळत नाहीत. डावीकडची दोन चाकं एका वेगाने आणि उजवीकडची दोन दुसऱ्या वेगाने फिरवायची, की मशीन चाकं फरफटवत जागच्या जागी गर्रकन फिरते. अरुंद बोळात, तळघरात, जहाजाच्या पोटात ती चालते ती यामुळेच. आणि या फरफटीमुळेच ती स्वतःच्या अंगावर इतका चिखल उडवून घेते.

तिचा जन्मच घाणीतला आहे. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुई केलर या भावांनी टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी पहिलं यंत्र बनवलं. त्याच्या शेडमध्ये खांबांची दाटी होती आणि वरच्या मजल्यावरही पक्षी होते. खांबांना वळसे घालून विष्ठा काढेल आणि वरच्या मजल्याला पेलवेल इतकं हलकं यंत्र त्याला हवं होतं. त्या पहिल्या यंत्राला तीन चाकं होती. पुढे नॉर्थ डकोटातल्या मेलरो कंपनीने ते उचललं, १९६० मध्ये चार चाकांचं केलं आणि १९६२ पासून बॉबकॅट हे नाव लावलं. शेण-चिखल हे या मशीनचं माहेर. त्यामुळे "चिखलात घालू नका" हा सल्ला तिला देण्यात अर्थ नाही.

मशीन लोकप्रिय झाली ती तिच्या हातांमुळे. पुढच्या दोन दांड्यांना बकेट लावा, माती उचलेल. बकेट काढून ब्रेकर लावा, काँक्रीट फोडेल. ड्रिल लावा, झाडासाठी खड्डा पाडेल. झाडू लावा, रस्ता झाडेल. या बदलत्या अवजारांना अटॅचमेंट म्हणतात आणि ती जिथे मशीनला जोडली जातात त्या जोडाला कपलर. मी यापुढे कपलरला कडीच म्हणणार आहे, कारण काम तेच आहे. १९७० च्या सुमारास बॉबकॅटने पटकन जोडता येणारी कडी आणली. पुढे तिच्या मापांचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, आयएसओ २४४१०. मोबाइलच्या चार्जरची पिन सगळ्यांची एक झाली तसंच हे. एका कंपनीच्या मशीनला दुसरीची बकेट बसते आणि भाड्याचा धंदा सोपा होतो.

## लोखंडी कडी: पाचर आणि खाच

मशीनच्या दांड्यांच्या टोकाला एक उभा लोखंडी पाटा असतो. त्याची वरची कड उतरती. बकेटच्या पाठीला वरच्या बाजूला एक वळवलेली ओठाळी असते. ऑपरेटर पाटा पुढे झुकवून ती कड ओठाळीखाली घालतो, मग पाटा मागे ओढतो, की बकेट पाट्यावर टेकून उचलली जाते. खुंटीला पिशवी अडकवावी तसं. इथपर्यंत फक्त अडकवणं झालं. बांधणं होतं खाली. पाट्याच्या खालच्या अंगाला डावी-उजवीकडे दोन जाड पिना असतात. त्यांचं टोक पाचरीसारखं निमुळतं. वर दोन हँडलं. हँडल दाबलं की पाचर खाली सरकते आणि बकेटच्या तळपट्टीतल्या खाचेतून आरपार जाते. पाचर असल्यामुळे ती जसजशी खाली जाते तसतशी बकेटला पाट्याकडे आवळते. स्टीलच्या डब्याची कडी एका टप्प्यापुढे गेली की आपोआप खटकन बसते, तसं हे हँडलही मधला टप्पा ओलांडलं की स्प्रिंगच्या जोरावर जागी राहतं.

आता या सुबक रचनेत राबडा घालून बघा.

पाटा आणि बकेटची पाठ यांच्यामध्ये चिखल चेपला जातो. तळपट्टीच्या खाचेत खडी अडकते. हँडलच्या सांध्यात माती जाते, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत जाते. ओठाळीच्या आतल्या कोपऱ्यात तर हमखास, कारण बकेट जमिनीवर ठेवली की पावसाचं पाणी आणि माती तिथेच साचतात आणि मशीनचा पाटा ते सगळं आत दाबून बसवतो.

साफ करणाऱ्याला खरा त्रास ओठाळीचा होतो, कारण ती वरून दिसत नाही. खाचेतली खडी कुणालाही दिसते. ओठाळीत मातीचा दोन बोटांचा थर बसला असेल, तर मशीनची कड तेवढी वर चढतच नाही. सगळी बकेट पाट्यावर तिरकी बसते, खालच्या खाचा पाचरींसमोर येत नाहीत, आणि ऑपरेटर खाली हँडलाशी झटत राहतो. दुखणं वर, इलाज खाली.

## आज घट्ट, उद्या ढिलं

चिखल अडकला तर हँडल बसणार नाही, मग ऑपरेटरला कळेलच की? नेहमी कळत नाही. धोका इथेच आहे.

समजा, पाटा आणि बकेट यांच्यामध्ये ओल्या मातीचा थर राहिला. पाचर खाली गेली, तिने बकेटला आवळलं, हँडल बसलं. हाताला सगळं घट्ट लागतं. पण पाचरीने आवळलंय ते लोखंडाला नाही, मातीला. काम सुरू झालं, हादरे बसले, ऊन पडलं, माती सुकून भुगा झाली आणि खालून सांडून गेली. तिची जागा रिकामी. सकाळी घट्ट असलेली बकेट दुपारी खुळखुळते. दोन लोखंडं एकमेकांवर आपटत राहिली की पाचरीचं टोक आणि खाचेची कड झिजते, आणि एकदा खाच अंडाकृती झाली की ती नंतर कितीही साफ ठेवा, ढिलीच.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. चिखलामुळे पाचर अर्धीच खाली जाते, पण हँडल वाकून किंवा सांध्यातल्या मातीवर टेकून "बसल्यासारखं" दिसतं. कडी अडकवली असं वाटावं आणि कोयंडा रिकामाच असावा, तसं. मधल्या आकाराच्या मशीनची रिकामी बकेट दोन-अडीचशे किलोच्या घरात असते. मशीनचे हात ती सुमारे ३ मीटर, म्हणजे दहाएक फूट वर नेतात. आणि ट्रकमध्ये माल ओतताना बकेट पुढे झुकते तेव्हा नेमका खालच्या कडीवर ताण येतो. तिथे पाचर खाचेत नसेल तर बकेट वरच्या ओठाळीवरून निसटून पुढे पडते. पुढे कोण उभं असतं? "आणा, आणा, अजून आणा" म्हणणारा हेल्पर.

म्हणून चांगला ऑपरेटर हँडलावर विश्वास ठेवत नाही. तो खाली वाकून बघतो: दोन्ही पाचरींची टोकं तळपट्टीच्या खालून बाहेर आलेली दिसतात का? एक नाही, दोन्ही. मग मशीनमध्ये बसून बकेट पुढे झुकवतो आणि तिची पुढची धार जमिनीत हलकेच दाबतो, इतकी की मशीनची पुढची चाकं जरा उचलली जावीत. कडी कच्ची असेल तर ती इथेच सुटते, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कुणाच्या पायावर न पडता. या सगळ्याला मिनिटभर लागतं. बाल्कनीतल्या काकांना हा प्रकारही टाइमपासच वाटतो म्हणा.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही: खाचेत बोट घालून माती काढणं. पाचर स्प्रिंगवर असते. हँडलही मातीतून अचानक मोकळं झालं तर उसळी मारतं. अवजार जमिनीवर, इंजिन बंद, हातात पहार किंवा पट्टी. बोटं लांब.

## प्रत्येक चिखल वेगळा

"चिखल" हा एकच शब्द वापरून आपण बऱ्याच वेगळ्या गोष्टी सांगतो. महाराष्ट्रात तर तालुका बदलला की चिखलाचा स्वभाव बदलतो.

देशावरची काळी माती सर्वांत चिवट. बेसाल्टची झीज होऊन झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा त्याच्याच. पावसात काळ्या रानातून चाललं की चपलेला चिखलाचे जोडे चढत जातात, तसेच ते कडीला चढतात. ही माती ओली असताना लिबलिबीत, सुकल्यावर विटेसारखी. मधली एक अवस्था असते, शेतकरी तिला वाफसा म्हणतात. तेव्हा ती ना चिकटत ना दगड होते, ढेकळं सुटी होतात. कडीतली माती काढायची खरी वेळ तीच. संध्याकाळी काम संपल्यावर तासाभरात खरवडली तर पाच मिनिटांत निघते. सकाळवर टाकली तर छिन्नी-हातोडा लागतो आणि हातोड्याचे घाव मातीपेक्षा पाचरीलाच जास्त बसतात.

कोकणातली आणि गोव्यातली जांभ्याची माती तशी चिकटत नाही, पण खरखरीत असते. लोहाचे कठीण दाणे सरकत्या भागांत गेले की पॉलिश पेपरसारखे घासतात. वाळू, खडीची भुकटी यांचंही तसंच. पोल्ट्रीतली विष्ठा आणि जहाजातलं मीठ-खत यांना घासण्याची गरजच नसते; ते लोखंड खातात. तिथे खरवडणं पुरत नाही, पाण्याने धुवावंच लागतं.

आणि सिमेंट. आपल्या मानकांप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटने पहिली ३० मिनिटं घट्ट व्हायला सुरुवात करू नये आणि ६०० मिनिटांच्या, म्हणजे १० तासांच्या आत ते घट्ट झालेलं असावं. काँक्रीटच्या कामावरून मशीन रात्री तशीच उभी केली, तर सकाळपर्यंत हिशेब संपलेला असतो. ते सुकलेलं नसतं, जमलेलं असतं; पुन्हा पाणी मारून विरघळत नाही. काँक्रीटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतही कडीवर पाणी मारणारा हेल्पर मिळाला तर त्याला चहा माझ्याकडून.

## मग झाकण का लावत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. रबरी पट्टा लावा, पत्रा ठोका, ताडपत्री बांधा, कडीला चिखल लागूच नये असं काहीतरी करा.

लोखंडी कडीच्या बाबतीत हे फसतं. घरातली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आठवा. तिच्या खालच्या खाचेत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. पाऊस खाचेत येणारच हे बनवणाऱ्याने गृहीत धरलंय, म्हणून त्याने पाण्याला वाट ठेवलीय. भोकं धुळीने बुजली की पाणी घरात येतं. आणि आपण खिडकीला दोष देतो. लोखंडी कडीचंही तसंच. पाट्याला ठिकठिकाणी मोकळ्या जागा सोडलेल्या असतात, खाचा आरपार असतात, त्या माती खाली पडावी म्हणून. तिथे कुणी हौशी फॅब्रिकेटरने खालून पत्रा वेल्ड करून दिला, की वरून आलेली माती त्या पत्र्यावर बसते. आता ती पडत नाही आणि पहारही पोचत नाही. शिवाय पाचर खाली आली की नाही ते दिसायचं बंद होतं. झाकणाने चिखल अडवला नाही, लपवला.

उपयोग होतो तो वरून आणि चाकांकडून येणारा चिखल वळवणाऱ्या पट्ट्याचा. चाकं आणि कडी यांच्यामध्ये लोंबता रबरी पडदा ठेवला तर उडणारा राबडा बराच कमी होतो. पडदा वरून येणारं रोखतो आणि खालची वाट मोकळी ठेवतो, एवढाच त्यातला फरक. झाडंझुडपं साफ करणाऱ्या मशीनवर होजच्या, म्हणजे तेलाच्या रबरी नळीच्या, जोडापुढे जाड पत्र्याची ढाल लावतात; फांदीने होज उपटू नये म्हणून. ती ढाल वेगळ्या कडीसाठी असते. आता तिच्याकडे वळू.

## तेलाची कडी: इथे नियम उलटा

बकेटला फक्त अडकवावं लागतं. ब्रेकर, ड्रिल, झाडू यांना मात्र फिरायला किंवा आपटायला ताकद लागते आणि ती ताकद मशीन तेलातून पाठवते. मशीनचा पंप तेल दाबाने ढकलतो, रबरी होजमधून ते अवजारात जातं, काम करून दुसऱ्या होजने परत येतं. यालाच हायड्रॉलिक म्हणतात. दाब साधारण २०० बारच्या आसपास. तुमच्या मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळजवळ शंभरपट. होज जिथे मशीनला जोडतात तो नर-मादीचा जोड म्हणजे तेलाची कडी. काढली की दोन्ही बाजूंची तोंडं आपोआप बंद होतात, जोडली की उघडतात.

इथे शत्रू दिसत नाही. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. चांगल्या नजरेलाही ४० मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या आतल्या सरकत्या भागांमधली फट मात्र त्याहून कितीतरी कमी, काही मोजक्या मायक्रॉनची असते. तेलाची स्वच्छता मोजण्याच्या आयएसओ ४४०६ या मानकात तर एका मिलिलिटर तेलात ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती, ते मोजतात. म्हणजे जे कण आपल्याला दिसूच शकत नाहीत त्यांचीच मोजणी. डोळ्याला स्वच्छ दिसणारी कडी स्वच्छ असेलच असं नाही, हे यावरून कळावं.

कडीच्या तोंडाला मातीचा टिपका असताना जोडली तर तो टिपका दोन ठिकाणी जाऊ शकतो. रबरी सीलखाली गेला तर गळती. कुकरच्या रिंगखाली भाताचं शीत अडकलं की शिट्टी होत नाही आणि वाफ कडेने जाते, ते आठवा. आणि तेलात गेला तर तो फिरत राहतो, फिल्टर अडवेपर्यंत प्रत्येक फटीत ओरखडे काढत. त्या ओरखड्यांतून धातूचे नवे कण निघतात, ते आणखी ओरखडे काढतात. पंप एका दिवसात मरत नाही. तो हळूहळू दमतो, तेल गरम व्हायला लागतं, दुपारनंतर ब्रेकरचा ठोका मंदावतो, आणि मालक ब्रेकर बिघडला म्हणून ब्रेकरवाल्याशी भांडायला जातो.

तिसरा परिणाम कमी लोकांना ठाऊक असतो. खड्यामुळे कडी पूर्ण बसलीच नाही तर तिच्या आतली झडप अर्धवट उघडते. परतीच्या वाटेवर असं झालं तर जाणारं तेल जोरात जातंय आणि येणारं अडलंय. अवजाराच्या मोटरचं सील फुटतं ते अशाच वेळी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, माल हलका होता.

## टोपणाला टोपण

तेलाच्या कडीला झाकण हवंच. लोखंडी कडीला वाट मोकळी, हिला दार बंद.

जुन्या पद्धतीच्या कड्यांच्या तोंडात खळगा असतो. त्यात धूळ-माती बसते आणि जोडताना सरळ आत ढकलली जाते. शिवाय काढताना दरवेळी थोडं तेल सांडतं आणि त्या तेलावर पुन्हा धूळ चिकटते. आता बहुतेक मशीनवर सपाट तोंडाच्या कड्या येतात, आयएसओ १६०२८ या मापाच्या. दोन्ही तोंडं सपाट, त्यामुळे फडक्याचा एक हात फिरवला की झालं. फडकं स्वच्छ हवं, एवढीच अट. ऑपरेटरच्या खिशातल्या ज्या फडक्याने तो डिपस्टिक पुसतो, घाम पुसतो आणि सीटही झटकतो, त्याने कडी पुसणं म्हणजे तिला माती लावणं. दोन फडकी ठेवा.

प्रत्येक तोंडाला टोपण असतं, बहुधा दोरीने किंवा साखळीने बांधलेलं. होज काढल्या की टोपणं लावायची, हे सगळ्यांना माहीत आहे. पण होज जोडलेल्या असताना टोपणं कुठे असतात? लोंबत, चिखल खात. संध्याकाळी तीच चिखलाने भरलेली टोपणं स्वच्छ तोंडांवर बसवली जातात. त्यापेक्षा टोपण नसलेलं बरं. यावर उपाय इतका सोपा आहे की मला तो पहिल्यांदा कळला तेव्हा हसू आलं: नर कडीचं टोपण आणि मादी कडीचं टोपण एकमेकांत बसवून ठेवायची. दोन्हींची आतली बाजू बंद. काम संपलं की सोडायची आणि आपापल्या जागी लावायची. बुशर्टची बटणं जशी आपण बघितल्याशिवाय लावतो, तितकी ही सवय हाताला लागू शकते.

## "पण साहेब..."

साईटवर हे सगळं सांगितलं की काही उत्तरं हमखास येतात.

"रोज प्रेशरने पाणी मारतो की." लोखंडी कडीसाठी उत्तम, सिमेंट आणि खत असेल तर आवश्यकच. पण तीच धार तेलाच्या कडीच्या तोंडावर, सीलवर किंवा वायरच्या जोडावर जवळून रोखली तर पाणी आणि बारीक माती आतच घुसते. टोपणं लावून धुवायचं, तोंडं फडक्याने पुसायची. धुतल्यावर ग्रीस द्यायचं, आधी नाही.

"आम्ही ग्रीस भरपूर थापतो." निप्पलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या छोट्या तोंडातून, ग्रीस गनने दिलेलं ग्रीस आतून बाहेर येतं आणि येताना माती ढकलून आणतं. ते हवंच, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या तासांप्रमाणे. उघड्या पाट्यावर हाताने लिंपलेलं ग्रीस मात्र जांभ्याच्या धुळीत किंवा वाळूत उलटं काम करतं. दाणे त्यात रुततात आणि घासायची पेस्ट तयार होते. धुळीच्या जागी सरकता भाग पुसून ग्रॅफाइटसारखा कोरडा लेप दिलेला बरा.

"आमच्या मशीनला केबिनमधून बटण आहे, हँडल नाही." बरीच नवी मशीनं अशी येतात. बटण दाबलं की हायड्रॉलिक जोराने पाचरी खाली जातात. पण बटणाला मातीचा थर कळत नाही. ते हाताऐवजी तेलाने ढकलतं एवढंच. उलट माणसाच्या हाताला "आज जड जातंय" हे कळतं, बटणाला नाही. खाली उतरून पाचरींची टोकं बघणं काही चुकत नाही.

"कडी बसतच नाही, म्हणून हातोडी मारली." ही तक्रार बहुतेक दुपारची असते. उन्हात पडलेल्या ब्रेकरच्या होजमधलं तेल तापून फुगतं, आत दाब धरतं आणि कडीची झडप मागे सरकत नाही. दोष चिखलाचा समजून लोक खरवडतात, मग ठोकतात. सपाट तोंडावर एक टवका उडाला की ती कडी पुन्हा कधी पुसून स्वच्छ होत नाही. काढण्याआधी इंजिन बंद करून, पुस्तिकेत सांगितलंय तसा दाब सोडला आणि अवजार सावलीत ठेवलं तर ही वेळ येत नाही. टोकाने झडप दाबून तेल उडवायची युक्ती तर कुणीच करू नये. या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. बाहेर फक्त टोचल्याची खूण दिसते, आत हात सडायला लागतो आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागू शकते. बारीक गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवायचा, हात नाही.

"मशीन भाड्याची आहे, मालक बघेल." यात तथ्य आहे, पैशापुरतं. पंप मालकाचा, खाचही मालकाची. हेल्परचा पाय मात्र भाड्याने आलेला नसतो. ठेकेदार मशीन घेताना तासाचा दर ठरवतो, तसं संध्याकाळची साफसफाई कुणाच्या वेळात धरायची हेही त्याने ठरवावं. ते ठरलेलं नसतं म्हणूनच ऑपरेटर घाई करतो.

## वापरात नसलेलं अवजार

चिखलाचा विचार आपण काम चालू असतानाच करतो. खरं तर अवजारांचा अर्धा नाश यार्डात होतो. ड्रिल काढून ठेवलं जातं ते सरळ मातीत, पाठ जमिनीकडे करून. पाऊस पडतो, खाचा चिखलात रुततात, ओठाळीत पाणी साचतं आणि गंज चढतो. दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवलं, ओठाळी पालथी राहील असं, तर निम्मा त्रास वाचतो. होज जमिनीवर लोळत ठेवायच्या नाहीत. अवजाराला दिलेल्या आकड्याला त्या अडकवायच्या, तोंडं खाली करून, टोपणं लावून.

टोपणं हरवली असतील तर निदान स्वच्छ प्लास्टिक घट्ट बांधा. कारण पावसाळा संपला की यार्डात एक नवा गवंडी येतो. कुंभारीण माशी. तिला घर बांधायला भिंतीचा कोपरा चालतो, दाराच्या कुलपाचं भोक चालतं, आणि उघडं राहिलेलं होजचं तोंड तर फारच आवडतं. ती तोंडातोंडाने ओला चिखल आणते, भोक लिंपून टाकते आणि निघून जाते. दिवाळीनंतर काम निघतं, ऑपरेटर ब्रेकर जोडायला जातो, होज उचलतो, आणि तिच्या तोंडात अंगठ्याएवढा सुबक, कोरडा मातीचा गोळा बसलेला असतो. तो बाहेरच्या बाहेर काढायचा. आत ढकलून जोडायचं नाही.